हृदयाची लिपी

मुलांनो, तुम्ही कधी वरसाव्याला गेला आहात का? मीरा-भाईंदर शहराच्या एका टोकाला हे ठिकाण आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता येथे एकत्र येतात. पुढे वसईच्या खाडीवरचा पूल लागतो. रात्रंदिवस येथे वाहनांची रीघ असते. या गर्दीत एखादी रुग्णवाहिका भोंगा वाजवीत येते आणि सगळे वाट करून देऊ लागतात.

रुग्णवाहिकेच्या आत काय चालले असेल, याचा विचार कधी केला आहे? रुग्णाच्या छातीत दुखत असेल, तर त्याच्या छातीवर आणि हातापायांवर तारा जोडलेल्या असतात. शेजारच्या लहानशा यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर येत असते. त्या पट्टीवर एक वेडीवाकडी रेषा उमटलेली असते. डॉक्टर ती रेषा पाहतात आणि रुग्णाला कोणता इलाज करायचा हे ठरवितात.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे वाचता. कागदावरची ही रेषासुद्धा एक लिपीच आहे. ती हृदय लिहिते आणि डॉक्टर वाचतात. ही लिपी अचूक वाचता येईल असे यंत्र ज्यांनी तयार केले आणि तिच्या अक्षरांना नावे दिली, त्या शास्त्रज्ञाचे नाव व्हिलेम आइंटहोव्हेन. त्यांची गोष्ट आज आपण वाचणार आहोत.

आइंटहोव्हेन यांचा जन्म 21 मे 1860 रोजी जावा बेटावरील सेमारांग या गावी झाला. आज हे बेट इंडोनेशियात आहे. त्या काळी तेथे डच लोकांचे राज्य होते. व्हिलेमचे वडील तेथे डॉक्टर होते. व्हिलेम सहा वर्षांचा असतानाच वडील वारले. आईच्या पदरात सहा मुले होती. दूरदेशी एकटीने संसार चालविणे सोपे नव्हते. चार वर्षांनी, 1870 मध्ये, ती मुलांना घेऊन जहाजाने हॉलंडला गेली आणि उट्रेक्ट या शहरात राहू लागली. तेथेच व्हिलेमचे शिक्षण झाले. वडिलांप्रमाणे आपणही डॉक्टर व्हावे, असे त्याने ठरविले आणि उट्रेक्टच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

व्हिलेमला खेळाची फार आवड होती. तो कसरत करी, तलवारबाजी शिके, नौका वल्हवी. एकदा कसरत करताना तो पडला आणि त्याचे मनगट मोडले. हात बांधून घरी बसावे लागले. दुसरा एखादा कंटाळला असता. पण व्हिलेम आपल्या हाताकडेच निरखून पाहू लागला. तळहात वर आणि खाली कसा वळतो? कोपराचा सांधा त्या वेळी काय काम करतो? या प्रश्नांचा त्याने अभ्यास केला आणि कोपराच्या सांध्यावर एक निबंध लिहिला. आलेल्या संकटातूनही काही शिकण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

1885 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी लायडन येथील विद्यापीठाने त्यांची शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवड केली. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढे मृत्यूपर्यंत ते लायडनलाच राहिले.

आता थोडे हृदयाविषयी पाहू. मनगटावर बोट ठेवले की नाडी लागते. उर्दूत तिला नब्ज म्हणतात. आपल्याकडचे वैद्य आणि हकीम शेकडो वर्षे नाडी पाहून रोग ओळखण्याचा प्रयत्न करीत आले. थोर हकीम इब्न सीना यांनी आपल्या ग्रंथात नाडीविषयी सविस्तर लिहिले आहे. नाडीवरून ठोके जलद आहेत की मंद, नियमित आहेत की अनियमित, हे कळते. परंतु हृदयाच्या आत काय बिघडले आहे, हे बोटांना नेहमीच कळत नाही.

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. ही वीज हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाते. ती जशी पसरते, तसे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्त पुढे ढकलले जाते. या विजेचा अंश आपल्या त्वचेपर्यंत पोहोचतो. पण तो फारच थोडा असतो. विजेरीतल्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. हृदयाची जी वीज त्वचेवर मिळते, तिचा दाब सुमारे एक हजारांश व्होल्ट असतो. एवढी थोडी वीज मोजायची कशी?

लंडनमधील ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये माणसाच्या हृदयातील विजेचा आलेख पहिल्यांदा काढून दाखविला. त्यासाठी त्यांनी पारा भरलेली एक बारीक काचनळी वापरली. वीज आली की नळीतला पारा किंचित हले. वॉलर यांच्याकडे जिमी नावाचा बुलडॉग होता. खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून तो शांतपणे उभा राही आणि वॉलर त्याच्या हृदयाचा आलेख लोकांना दाखवीत. 1889 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तेथे वॉलर यांचे प्रयोग आइंटहोव्हेन यांनी पाहिले. त्यांच्या मनात या विषयाने घर केले.

लायडनला परत येऊन त्यांनी तसेच उपकरण घेऊन काम सुरू केले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की, पारा जड असल्यामुळे तो मागे पडतो. वीज झटकन येऊन जाते, पण पारा तेवढ्या चपळाईने हलत नाही. म्हणजे कागदावर जी रेषा दिसते, ती हृदयाची खरी रेषा नव्हे. आता काय करावे? मिळाली तेवढी रेषा पुष्कळ झाली, असे म्हणून ते थांबू शकले असते. परंतु चुकीच्या मापावर त्यांचे समाधान होईना. पारा किती मागे पडतो याचा त्यांनी हिशेब केला आणि गणिताच्या साहाय्याने खरी रेषा कशी असेल हे काढले. मूळ रेषेवरील उंचवट्यांना त्यांनी ए, बी, सी, डी ही अक्षरे दिली होती. दुरुस्त केलेली रेषा निराळी ओळखू यावी म्हणून 1895 मध्ये तिच्यावरील लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. आज जगातले सगळे डॉक्टर हीच अक्षरे वापरतात. पी म्हणजे वरचे कप्पे विजेने जागे झाल्याची खूण. क्यू, आर आणि एस म्हणजे खालचे मोठे कप्पे जागे झाल्याची खूण. टी म्हणजे ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होत असल्याची खूण. ही टी लहर नीट लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

प्रत्येक आलेखासाठी इतके गणित करीत बसणे शक्य नव्हते. रोगी समोर झोपलेला असताना डॉक्टरांना उत्तर लगेच हवे असते. म्हणून आइंटहोव्हेन यांनी नवे यंत्रच बनवायचे ठरविले. त्या काळी वीज मोजण्याच्या यंत्रात तारेचे जड वेटोळे असे. त्यांनी ते वेटोळे काढून टाकले आणि त्या जागी एकच धागा बसविला. हा धागा गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झ या खनिजाचा होता. क्वार्ट्झ वितळवायचे, ते बाणाला चिकटवायचे आणि बाण सोडायचा. बाण वेगाने जाताना मागे अतिशय बारीक तंतू ओढला जाई. आपल्या केसापेक्षाही तो कितीतरी पट बारीक असे. त्यावर चांदीचा पातळ मुलामा देत. हा तंतू मोठ्या विद्युत्चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवीत. हृदयाची वीज त्यातून गेली की तो किंचित बाजूला सरके. त्याची सावली सूक्ष्मदर्शकाने मोठी करून, सरकणाऱ्या छायाचित्राच्या काचेवर पाडीत. अशा रीतीने हृदय स्वतःच आपली रेषा लिहू लागले.

1901 मध्ये आइंटहोव्हेन यांनी या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्याआधी फ्रान्समधील क्लेमां आदेर यांनी समुद्राखालच्या तारायंत्रासाठी अशा प्रकारचे यंत्र बनविले होते; परंतु हृदयाची वीज मोजण्याइतके ते नाजूक नव्हते.

हे यंत्र कसे होते, याची कल्पना करा. त्याचे वजन सुमारे 270 किलो होते. त्याने दोन खोल्या व्यापल्या होत्या. ते चालवायला पाच माणसे लागत. चुंबक तापू नये म्हणून त्याभोवती सतत पाणी खेळवावे लागे. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत ठेवीत. रुग्णवाहिकेतल्या आजच्या यंत्राचा हा पणजोबाच म्हणायचा!

आइंटहोव्हेन यांनी मोजमापाचे काही नियमही घालून दिले. काच सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. एक हजारांश व्होल्ट वीज आली की रेषा 10 मिलिमीटर वर गेली पाहिजे. नियम साधेच होते, पण फार मोलाचे होते. सर्वांचे माप एकच असेल, तरच एका ठिकाणचा आलेख दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांना वाचता येतो. आजही साधारणपणे हेच माप जगभर चालते.

एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणार कसे? रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटर दूर होते. आइंटहोव्हेन यांनी तोड काढली. यंत्र रुग्णाकडे जात नसेल, तर रुग्णाची वीज यंत्राकडे आणायची! 22 मार्च 1905 रोजी त्यांनी टेलिफोनच्या तारांतून रुग्णालयातील माणसाच्या हृदयाचा आलेख प्रयोगशाळेत उतरवून घेतला. तो पहिला माणूस चांगला धडधाकट होता. तो प्रयोगशाळेतून सायकलवरून रुग्णालयात गेला होता. पुढे निरनिराळ्या रुग्णांचे आलेख घेऊन, कोणत्या रोगात रेषा कशी बदलते हे आइंटहोव्हेन यांनी 1906 मध्ये लिहून प्रसिद्ध केले. आज खेड्यातल्या दवाखान्यात काढलेला आलेख मोबाइलवरून शहरातल्या तज्ज्ञांकडे क्षणात जातो. त्याची सुरुवात अशी झाली.

हे यंत्र आणखी लोकांना मिळावे म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका कंपनीने ते बनवायला घेतले. प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस हे त्या कंपनीचे एक संस्थापक होते. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी त्या यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या बिघडलेल्या तालाचा खोल अभ्यास केला. यंत्र आइंटहोव्हेन यांचे आणि रुग्ण लुईस यांचे, असे ते काम चालले. दोघांमध्ये पत्रव्यवहार होता आणि स्नेहही होता.

1924 चे नोबेल पारितोषिक आइंटहोव्हेन यांना जाहीर झाले. त्या वेळी ते व्याख्यानांसाठी अमेरिकेत होते. पुढच्या वर्षी त्यांनी नोबेल व्याख्यान दिले. त्यात त्यांनी वॉलर यांच्या कामाचा उल्लेख केला आणि लुईस यांच्याविषयी मोठी कृतज्ञता व्यक्त केली. त्यांच्या पारितोषिकाविषयी एक हकीकत सांगतात. यंत्र बनविताना प्रयोगशाळेतल्या एका कारागिराने त्यांना पुष्कळ मदत केली होती. त्याला पैशांतला वाटा द्यावा म्हणून ते त्याचा शोध घेऊ लागले. तो वारला होता. त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढीत होत्या. आइंटहोव्हेन यांनी पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांना दिली, असे म्हणतात.

29 सप्टेंबर 1927 रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, त्यांचे आयुष्य संपले. पण त्यांच्या रेषेचे काम संपले नाही. कधी कधी हृदयाचा ताल एकदम बिघडतो. खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात. रक्त पुढे जात नाही. माणूस कोसळतो आणि काही मिनिटांत त्याचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी विजेचा जोरदार झटका दिला, तर ताल परत येऊ शकतो. 1947 मध्ये अमेरिकेतील क्लॉड बेक या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचे प्राण शस्त्रक्रियेच्या वेळी असेच वाचविले. पण हा झटका देणारा प्रत्येकाच्या जवळ कुठून असणार? पोलंडमध्ये जन्मलेले मिशेल मिरोव्स्की यांच्या वरिष्ठ डॉक्टरांचा 1966 मध्ये हृदयाचा ताल बिघडून मृत्यू झाला. त्या दुःखातून मिरोव्स्की यांना एक कल्पना सुचली. झटका देणारे यंत्र माणसाच्या शरीरातच बसविले तर? अनेक तज्ज्ञांनी त्यांच्यावर टीका केली. तरीही त्यांनी हिंमत सोडली नाही. 4 फेब्रुवारी 1980 रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात असे यंत्र पहिल्यांदा एका रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आले. हे यंत्र हृदयाची वीज सतत वाचत असते. ताल बिघडला की ते आपण होऊन झटका देते.

मग असे यंत्र प्रत्येक हृदयरोग्याला का बसवीत नाहीत, असे तुम्हाला वाटेल. प्रश्न योग्यच आहे. हे यंत्र महाग असते. ते बसवायला शस्त्रक्रिया करावी लागते. जखमेत जंतू शिरू शकतात. तार तुटू शकते. कधी गरज नसतानाही झटका बसतो आणि रुग्ण घाबरून जातो. ज्यांचे हृदय फार अशक्त झाले आहे, अशांना डॉक्टर हे यंत्र बसवितात. पण त्यांतल्या कित्येकांना त्या झटक्याची कधीच गरज पडत नाही. उलट ज्याला खरी गरज आहे, असा एखादा मागे राहून जातो. म्हणजे एकाच्या छातीत उगाच ओझे राहते आणि दुसऱ्याचा जीव जातो. कोणाला यंत्र द्यावे, हे आधी कसे ओळखायचे?

याचे उत्तर शोधताना डॉक्टर पुन्हा आइंटहोव्हेन यांच्या रेषेकडे वळले. आता त्या टी लहरीची आठवण करा. युरोपातील पंधरा देशांतल्या डॉक्टरांनी मिळून 1371 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी काहींना यंत्र बसविले होते, काहींना नव्हते. त्यांचे दिवसभराचे आलेख काढून टी लहरीची दिशा ठोक्याठोक्याला मोजली. ही दिशा मंद लयीत किंचित हेलकावे घेत असते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, संगणकाला दिसते. 2019 मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात हे हेलकावे मोठे होते, त्यांच्यात यंत्र बसविलेल्या रुग्णांचे मृत्यू 75 टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांच्यात हेलकावे लहान होते, त्यांच्यात ही घट 31 टक्के होती. म्हणजे यंत्राचा खरा फायदा कोणाला होईल, याची सूचना ती रेषाच देत होती. एवढ्याने प्रश्न सुटला असे नाही. संशोधन अजून चालूच आहे. पण वाट दिसू लागली आहे.

विचार करा. पारा मागे पडतो म्हणून आइंटहोव्हेन यांनी हिशेब केला नसता, तर ती टी लहर खरी कशी दिसते हे तेव्हा कळले नसते. आपले माप खरे आहे ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले. त्यांच्या त्या कामानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनीही त्याच लहरीवरून रुग्णाचा इलाज ठरू शकतो.

पुन्हा कधी वरसाव्याच्या नाक्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तर बाजूला होऊन तिला वाट द्या. आत कोणाचे तरी हृदय आपली लिपी लिहीत असेल आणि ती वाचणारे डॉक्टर पुढे वाट पाहत असतील.

शब्दार्थ
रीघ – सतत ये-जा, रांग
शरीरक्रियाशास्त्र – शरीराचे अवयव कसे काम करतात ते सांगणारे शास्त्र
आकुंचन पावणे – आखडून लहान होणे
मुलामा – वरून दिलेला पातळ थर
तोड काढणे – उपाय शोधणे
हकीकत – घडलेली गोष्ट
हेलकावा – झोका

स्वाध्याय
1. मनगट मोडल्यावर व्हिलेमने काय केले?
2. पाऱ्याच्या उपकरणात कोणता दोष होता? आइंटहोव्हेन यांनी तो कसा दूर केला?
3. शरीरात बसवायचे यंत्र प्रत्येक रुग्णाला का देत नाहीत?
4. तुमच्या मनगटावर बोट ठेवून एका मिनिटातील ठोके मोजा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकत असेल, तर तुमच्या दोन ठोक्यांमध्ये किती अंतर पडेल, ते काढा.
5. वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, हिंमत न सोडणे, तोड काढणे.